पुढली ओळ तुळजाबाईंची

खराडीच्या चौकात लागलेला फ्लेक्स तुळजाबाईंनी भाजी घेऊन परत येताना पाहिला. त्यावर त्यांची थोरली जाऊ बायडाबाई हातात माइक धरून उभी होती, खऱ्यापेक्षा चौपट मोठी आणि खऱ्यापेक्षा बरीच गोरी. वर लिहिलं होतं, ‘जात्यावरच्या ओव्या, नव्या सुरात’. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो होते. त्यातला पहिला, काळा गॉगल लावलेला, तुळजाबाईंच्या स्वतःच्या मुलाचा होता.

घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर आपटली.

“मच्छिंद्र, तुझं थोबाड तिथं कुणी लावलं?”

“मीच लावलं. आपल्या घरातलं माणूस पुण्याच्या थेटरात गाणार हाय, आई. आजवर या चौकात फ्लेक्स लागले ते वाढदिवसाचे, न्हाईतर निवडणुकीचे. पहिल्यांदाच कुणीतरी कायतरी करून तिथं चढलंय.”

“काय केलंय तिनं?”

“गाती की.”

“अर्धं गाती,” तुळजाबाई म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

मच्छिंद्रने हा टोमणा समजून सोडून दिला. टोमणा तो होताच, पण त्यात खोटं काही नव्हतं.

दोघी जावा एकाच घरात सुना म्हणून आल्या होत्या. पहाटे एका जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. सासूने पहिल्या दिवशी थोरलीला सांगितलं, “तू सुरू कर,” आणि तेच पुढे चालत राहिलं. ओवीची पहिली ओळ बायडाबाईंनी टाकायची आणि दुसरी तुळजाबाईंनी जोडायची. पहिली ओळ संपली की बायडाबाई दम घ्यायच्या, मूठभर ज्वारी जात्यात सोडायच्या. तेवढ्यात तुळजाबाई पुढलं म्हणून मोकळ्या व्हायच्या. भाऊबंदकीत पुढे जमिनीचे वाटे झाले, भांड्यांचे झाले, पण त्याच्या कितीतरी आधी ओव्यांचे झाले होते. सगळ्या पहिल्या ओळी थोरलीच्या, सगळ्या दुसऱ्या धाकटीच्या.

ओवीत नाव येतं ते बहुधा भावाचं. आणि ते येतं दुसऱ्या ओळीत. त्यामुळे त्या घरातल्या जात्यावर रोज जो बंधू यायचा, वाट तुडवायचा, पाणी मागायचा, तो तुळजाबाईंचा भाऊ सर्जेराव असायचा.

गावात गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ते बाहेर यायचं ते फक्त लग्नाची हळद दळायला. असंच ते बायडाबाईंच्या लेकीच्या, आनंदीच्या लग्नात बाहेर आलं. खुंट्याला आंब्याची पानं बांधली, बायका गोळा झाल्या. बायडाबाईंनी ओळ टाकली :

“मांडवाच्या दारी गं, कुणाची उभी बैलगाडी...”

लग्न थोरलीच्या लेकीचं. मामा म्हणजे थोरलीचा भाऊ, बजरंग. नाव त्याचंच यायला हवं होतं. त्यातून बजरंग अजून पोचला नव्हता. त्याचा टेम्पो दिवे घाटात बंद पडला होता, पण हे नंतर कळलं. त्या घटकेला बायकांत एवढीच कुजबुज होती की मामा रुसलाय. आणि तुळजाबाईंचा सर्जेराव मात्र मांडवाच्या दाराशी कपड्यांचं गाठोडं घेऊन उभा होता, सगळ्यांना दिसेल असा.

तुळजाबाईंच्या तोंडून ओळ गेली :

“सर्जेराव बंधू माझा, आणितो चोळी-साडी.”

कुणीतरी फिसकन हसलं. बायडाबाईंनी खुंट्यावरचा हात काढून घेतला. उरलेली हळद तुळजाबाईंनी एकटीने दळली.

त्याला वीसेक वर्षं झाली. तुळजाबाईंनी दोनदा सांगून पाहिलं की, बाई, सवयीनं गेलं, जीभ चुकली. दोन्ही वेळा बायडाबाईंचं उत्तर एकच होतं : “एवढी नेमकी कशी चुकली?” त्यावर तुळजाबाईंचंही डोकं फिरलं. आपण खरं सांगतो आणि ही खोटं ठरवते, तर बसू दे. तेव्हापासून दोघी एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत राहत होत्या, एकमेकींच्या नातवंडांना खाऊ देत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्यात आता हा कार्यक्रम उपटला होता. बायडाबाईंच्या इमारतीत आयटीतली पोरं भाड्याने राहत. त्यांतल्या एका फ्लॅटमध्ये रविवारी गिटार आणि ड्रम वाजायचे. बायडाबाई एकदा भांडायला वर गेल्या, त्या दुपार कलली तरी खाली आल्या नाहीत. गिटार वाजवणाऱ्या नीरजा नावाच्या मुलीने त्यांना चहा दिला, जुनं काही येतं का विचारलं, आणि भांडण राहून गेलं. ही हकीकत तुळजाबाईंना मच्छिंद्रकडूनच कळली होती.

“दोन पास हायत,” कार्यक्रमाच्या दिवशी तो म्हणाला. “येणार का?”

“मला कुणी बोलावलंय?”

“मी बोलावतोय.”

तुळजाबाईंनी मनात हिशेब केला. बायडाबाईंना पहिल्या ओळीपलीकडे जाता येत नाही, हे तुळजाबाई सोडून जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. नाट्यगृहभर माणसांपुढे ती अर्ध्यात अडकणार. हे पाहायला जायलाच हवं होतं. त्यांनी ठेवणीतली इरकल काढली.

नाट्यगृहात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर पांढरा सदरा घातलेले, काठी मांडीवर आडवी धरलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी तुळजाबाईंकडे आणि मच्छिंद्रच्या गॉगलकडे एकदा पाहून घेतलं.

“आपण कलाकारांपैकी कुणाच्या?”

“कुणाच्या न्हाई.”

“मग दुसऱ्या रांगेत कशा?”

“पासावर नंबर हाय. वाचता येत असंल तर वाचा.”

गृहस्थांनी खरोखरच पास हातात घेऊन वाचला आणि परत दिला. “बरोबर आहे. मी गोपाळकृष्ण. कसबा पेठेतून आलो. ती गिटार घेतलेली आमची मुलगी, नीरजा. इंजिनिअर केली, आता गिटार वाजवते. कौतुक करायला आलो आहे.”

“कौतुक करताना असंच तोंड करत्यात व्हय तुमच्यात?”

“आमचं तोंड असंच आहे,” गोपाळकृष्ण म्हणाले. “कौतुक आत असतं.”

पडदा वर गेला. नीरजा, एक व्हायोलिनवाला, एक ढोलकी आणि ड्रम दोन्ही सांभाळणारा मुलगा. मध्ये बुटक्या चौथऱ्यावर बायडाबाई एक पाय दुमडून आणि एक लांब करून बसल्या होत्या. जात्यावर बसतात तशा. समोर जातं नव्हतं. तरी दोन्ही पायांमध्ये जात्यापुरती जागा त्यांनी सोडली होती.

नीरजा माइकजवळ आली. “आजींकडून आम्ही बऱ्याच ओव्या शिकलो. त्या एक ओळ म्हणतात आणि थांबतात. मी विचारलं, आजी, पुढे? त्या म्हणाल्या, ‘पुढलं माझं न्हाई.’ मी खूप मागे लागले. त्यांनी काही सांगितलं नाही. मग आम्ही ठरवलं की ती जागा भरायची नाही. त्या जेवढ्या थांबतात तेवढं आम्हीही थांबणार. तिथे फक्त जातं ऐकू येईल.”

तुळजाबाईंनी खुर्चीचा हात धरला. माझं न्हाई, म्हणाली. येत न्हाई, असं म्हणाली नाही.

स्पीकरमधून जात्याची घरघर सुरू झाली. ध्वनिमुद्रित होती, पण घरघर खरी होती. रिकामं जातं वेगळं वाजतं आणि दाणे घातलेलं वेगळं, आणि हे दाणे घातलेलं होतं. तिच्यावर ढोलकी हलकेच बसली, मग गिटार. बायडाबाईंचा आवाज जाड झाला होता, पण चढावर अजून सरळ जात होता :

“बाभळी गं बाई तू, जरा वाढीव सावली...”

वाद्यं थांबली. जातं एकटंच फिरत राहिलं. मग गिटार पुन्हा आली आणि टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या.

तुळजाबाई इकडेतिकडे पाहू लागल्या. ही माणसं अर्ध्या ओवीला टाळ्या देत होती. कुणालाही काही राहिल्यासारखं वाटत नव्हतं. मागे एक मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, “काय पॉज आहे यार, अंगावर काटा आला.”

“उत्तम,” गोपाळकृष्ण म्हणाले. “थोडक्यात आटपतात.”

“आटपलं कुठं?” तुळजाबाई पुटपुटल्या. “बाभळीला सावली वाढव म्हनली, ती कशापायी? उन्हात कोण हाय?”

“बाई, कार्यक्रम तिकडे चालू आहे.”

दुसरी ओवी झाली. तिसरी झाली. प्रत्येक वेळी ओळ संपली की बायडाबाई मान वर करून समोर बघायच्या आणि थांबायच्या. लोकांना वाटत होतं की त्या प्रेक्षकांकडे बघताहेत. पण जात्यावर जाऊ समोर बसते. बायडाबाई जाऊ बसते तिथं बघत होत्या, आणि तिथं आज अंधार होता. हात मांडीवरून जरासा उचलायचा, मूठ उघडायची, दाणे सोडावेत तशी, आणि मिटायची. दम कधीच घेऊन झालेला असायचा. त्या नुसत्या थांबलेल्या असायच्या.

जावेला पडताना बघायला आलेल्या तुळजाबाईंना आता कळेना की नेमकं काय बघावं. ती पडत नव्हती. मनात आणलं असतं तर ती मजेत उभी राहिली असती, हातात माइक धरून, फ्लेक्सवर दिसली तशी. सगळं सभागृह खूश होतं. त्या अर्ध्या ओवीचा उरलेला भाग तिच्याशिवाय कुणालाच नको होता.

“काय झालं, आई?” मच्छिंद्रने विचारलं.

“काय न्हाई. पाणी दे.”

बायडाबाईंनी पुन्हा बाभळीची ओवी धरली. नीरजाने ती शेवटाकडे परत घ्यायची असं बसवलं होतं. ओळ संपली. वाद्यं थांबली. घरघर राहिली. मान वर झाली.

तुळजाबाईंनी गायचं ठरवलं नव्हतं. घरघर चालू होती, समोरची ओळ संपली होती, आणि पुढली ओळ त्यांची होती.

“उन्हात चालून गं, बंधवाची काया तावली...”

माइक नव्हता. तरी आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. मच्छिंद्रने गॉगल काढला. गोपाळकृष्णांनी काठी उचलून पाय आत घेतले, जणू कुणाला तरी जायला वाट हवी होती.

नीरजाचा हात गिटारीवर होता तिथंच राहिला. तिने मागे न बघता ढोलकीवाल्याला बोटाने खूण केली : थांब. जातं मात्र फिरत राहू दिलं.

बायडाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे बारीक करून अंधारात पाहिलं, पदर सारखा केला, आणि कुठल्याही ओवीत नसलेली ओळ तिथल्या तिथे टाकली :

“मागल्या दाराला गं, कोण उभी चोरावाणी...”

सभागृहात हशा पिकला. तुळजाबाईंचे कान तापले. पण ओळ आली होती. ती पडू कशी द्यायची?

“बोलावणं नव्हतं बाई, कशी येऊ थोरावाणी!”

आता टाळ्या पडल्या त्या वेगळ्या होत्या, लग्नात पडतात तशा, शिट्ट्यांसकट. गोपाळकृष्ण त्यांच्याकडे झुकून म्हणाले, “आपण कुणाच्या नाही म्हणालात.”

“गप बसा जरा.”

“बसतो.”

मंचावर बायडाबाई थांबल्या होत्या. हशा विरला. मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि पहिला शब्द ऐकताच तुळजाबाईंना ओळ ओळखू आली.

“मांडवाच्या दारी गं, कुणाची उभी बैलगाडी...”

तिने मुद्दाम टाकली होती. सभागृहातल्या एकालाही त्यातलं काही समजणार नव्हतं. तुळजाबाईंना समजलं. म्हणजे बजरंग. बजरंग बंधू. एवढंच म्हणायचं होतं. आनंदीच्या हळदीला जे राहिलं, ते आज चारचौघांत देऊन टाकायचं. त्यांनी नाव मनात घट्ट धरलं. बजरंग. बजरंग. जात्याचा फेरा पुरा होत आला. त्यांनी तोंड उघडलं.

“सर्जेराव बंधू माझा, आणितो चोळी-साडी!”

त्यांनी पट्कन पदर तोंडावर दाबला. पण ओळ गेली होती. डोळे विस्फारून त्या मंचाकडे बघत राहिल्या, आणि एव्हाना डोळे अंधाराला सरावलेल्या बायडाबाईंना मंचावरून सांडणाऱ्या उजेडात ते तोंड स्वच्छ दिसलं.

बायडाबाईंनी आधी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. नीरजा घाबरून पुढे झाली. तिला वाटलं आजी रडताहेत. आजी हसत होत्या. एवढ्या हसत होत्या की त्यांना माइक बाजूला करावा लागला, पुन्हा धरला तर त्यातूनही हसूच आलं. लोकांनी कारण न कळताच टाळ्या धरल्या. व्हायोलिनवाल्याने वेळ ओळखून सूर उचलला आणि पुढचं गाणं सुरू करून दिलं.

कार्यक्रम संपल्यावर तुळजाबाई आत गेल्या. रंगपटात बायडाबाई खुर्चीवर बसून केळं खात होत्या. पोरं भोवती होती. नीरजा धावत आली. “आजी, पुढलं तुमचं आहे, हो ना? मला कुणी सांगितलंच नाही!”

“हिनं सांगायला पायजे व्हतं,” तुळजाबाई म्हणाल्या.

“मी कशाला सांगू?” बायडाबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या वाटणीत मी हात घालत न्हाई.” मग नीरजाकडे बघून, “पोरी, तिला बी केळं दे. लई जोर लावला तिनं.”

नीरजा केळी आणायला गेली. दोघी समोरासमोर राहिल्या.

“बाई, मी बजरंगच म्हणणार व्हते,” तुळजाबाई म्हणाल्या. “देवाशपथ. मनात धरून ठेवला व्हता.”

“दिसलं की. तोंड बघितलं तुझं. साप निघाल्यासारखं झालं व्हतं.”

“मंग त्या वेळी का न्हाई...”

“त्या वेळी तोंड कुठं बघितलं? मी हळद बघत व्हते.” बायडाबाईंनी केळ्याची साल नीट घडी करून टेबलावर ठेवली. “आणि खरं सांगू का तुळजे? टोमण्याचं मला तेवढं न्हाई लागलं. टोमणे काय, सासूनं कमी मारले? पण सगळा जन्म त्या जात्यावर तुझा सर्जेराव फिरला. रोज उठून त्याचंच ऊन, त्याचीच तहान. माझा भाऊ एकदा तरी यायचा व्हता. लेकीचं लगीन व्हतं माझ्या. म्हणलं, आज तरी येईल.”

एवढ्या वर्षांत तुळजाबाईंनी चुकलेली ती एक ओळ शंभरदा उलटसुलट करून पाहिली होती. बाकीच्या सगळ्या, बरोबर म्हटलेल्या ओळींत बजरंग कुठं होता, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

“बरा हाय का बजरंग?” त्यांनी अखेर विचारलं.

“हाय. मोतीबिंदू काढला परवा. आता सगळ्यांना म्हणतो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झाला?”

नीरजा केळी घेऊन आली. तिच्यामागे गोपाळकृष्ण होते. त्यांनी दोघींना नमस्कार केला. “उत्तम कार्यक्रम. विशेषतः जो बसवलेला नव्हता तो.” मग मुलीकडे न बघता म्हणाले, “गिटार ठीक होती.” नीरजाचा चेहरा असा फुलला की तुळजाबाईंना आपण मघाशी तोंडावरून काढलेला अंदाज मागे घ्यावा लागला.

परतताना बायडाबाई नीरजाच्या गाडीत बसल्या नाहीत. त्यांनी मच्छिंद्रच्या गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसल्या आणि तुळजाबाईंना म्हणाल्या, “सरक की तिकडं.” मच्छिंद्रने आरशात बघून घेतलं आणि शहाण्यासारखा गप्प राहिला. येरवड्याच्या पुलावर मात्र गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या आणि त्याला राहवलं नाही.

“मोठी आई, पुढच्या महिन्यात नीरजाताईंचा कोथरूडला कार्यक्रम हाय म्हणं. दोघींचा फ्लेक्स करू का एकच?”

“तुझा फोटो काढून टाकणार असशील तर कर,” तुळजाबाई म्हणाल्या. मग जावेकडे वळून, “पर आता आपल्याला असं करायला पायजे बाई, मी टाकते आणि तू जोड.”

“मला न्हाई यायचं दुसरी ओळ. कधी केलीय का मी?”

“न्हाई केली म्हणून तर. कर आता.”

“उगं काय तरी.”

तुळजाबाईंनी खिडकीतून पुढे लागलेल्या लाल दिव्यांकडे पाहिलं, गुडघ्यावर ठेका धरला आणि पहिल्यांदाच पहिली ओळ टाकली :

“नदीच्या पुलावरी गं, गाड्यांची लागली रांग...”

बायडाबाईंनी मान वर केली. त्या सावरून बसल्या. घसा साफ केला.

“बजरंग बंधू माझा...” त्या म्हणाल्या आणि अडल्या. “बजरंग बंधू माझा... रांग... रांग...”

“सांग,” मच्छिंद्र पुढून म्हणाला. “रांग, सांग. जमतंय बघ, मोठी आई.”

“तू गाडी चालव!” दोघी एकदम ओरडल्या.

मागचा एक गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. बायडाबाईंचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. तुळजाबाईंचा ठेका चालूच होता.

“आलं का?”

“थांब की जरा. आत्ता कुठं दिवे घाटातनं वर आलाय तो.”